कॅम्प आणि सेटलमेंट, फोटो बघून फरक कळणार नाही

निर्वासितांच्या बातम्यांमधे कॅम्प आणि सेटलमेंट हे दोन्ही शब्द सर्रास एकाच्या जागी दुसरा असे वापरतात. आणि फोटो बघितला तर कुणाचाही घोळ होईल, कारण तेच यूएनएचसीआर (म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) छापलेलं प्लास्टिक, त्याच मातीच्या भिंती, पाण्याच्या नळापाशी तीच पिवळ्या कॅनची रांग. फरक घरात नाहीच. तो आहे पायाखालच्या जमिनीत आणि खिशातल्या कागदात.

दक्षिण सुदानचं उदाहरण घेऊ, कारण तिथली माणसं दोन्हीकडे गेली. २०११ ला देश स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मधे आपसातच युद्ध पेटलं आणि जुलै २०१६ मधे राजधानी जुबात पुन्हा गोळीबार सुरू झाल्यावर लोंढेच्या लोंढे निघाले. समजा तोरीतकडचे दोन भाऊ आहेत, पळताना चुकामूक झाली, धाकटा दक्षिणेला युगांडात उतरला आणि थोरला नादापालच्या नाक्यावरून केनियात.

धाकटा पोचला यूंबे जिल्ह्यातल्या बिदीबिदीत. ऑगस्ट २०१६ मधे हे सेटलमेंट उघडलं आणि डिसेंबरमधे नवीन लोक घेणं बंद करावं लागलं, कारण तोवर अडीच लाखांच्या वर माणसं आली होती!! तिथं त्याला ३० बाय ३० मीटरचा तुकडा मिळाला, म्हणजे जेमतेम नऊ गुंठे, त्यातच झोपडी, चूल, संडास आणि उरलेल्यात मका नाहीतर भेंडी. नऊ गुंठ्यांत कुटुंबाचं पोट भरत नाही हे शेतीतल्या माणसाला सांगायला नको. पण युगांडाच्या २००६ च्या कायद्यानं त्याला काम करायची, धंदा टाकायची, देशात फिरायची मुभा आहे, बोडाबोडावर (म्हणजे तिकडची मोटरसायकल टॅक्सी) बसून अरुआच्या बाजारात जाऊ शकतो, अगदी कंपालात जाऊन राहिला तरी चालतं, फक्त तिकडे गेलं की रेशन सहसा विसरायचं.

थोरला काकुमात. १९९२ पासूनचा कॅम्प, तुर्काना काउंटीत, रखरखीत भाग. इथं निवारा मिळतो, रेशन मिळतं, मुलांना शाळा मिळते, पण बाहेर पडायचं तर मूव्हमेंट पास काढा, त्यासाठी दवाखाना, शिक्षण असं कारण दाखवा, आणि बिनापासाचं नैरोबीत सापडलात तर पोलिसांशी गाठ. एखाद्या संस्थेत काम मिळालं तरी हातात येतो तो 'इन्सेंटिव्ह', पगार नाही, त्याच कामाला केनियन माणसाला कितीतरी जास्त मिळतात. गुरं पाळायची नाहीत, कारण यजमान तुर्काना लोक स्वतःच गुराखी, चाऱ्यापाण्यावरून भांडणं होतील. आता दक्षिण सुदानातल्या ज्या दिंका, नुएर माणसांची हयात गुरांमागे गेली त्यांना हे किती लागत असेल.

म्हणून कॅम्पात सगळे हातावर हात ठेवून बसलेत असं मात्र समजू नका. काकुमाच्या बाजारात सोमाली, इथिओपियन दुकानांची चांगली गर्दी असते, आणि तुर्काना बायका जळणाची लाकडं, कोळसा डोक्यावर घेऊन कॅम्पात विकायला येतात. म्हणजे स्थानिकांशी संबंध येतो, पण गिऱ्हाईक-विक्रेता एवढाच, शेजारी म्हणून नाही.

बिदीबिदीत शेजार जमायला दुसरी कारणंही आहेत, ती सहसा कुणी सांगत नाही. युगांडाच्या या वेस्ट नाईल भागातली काक्वा, मादी या जमातींची माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, भाषा जुळते. शिवाय १९७९ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन पडल्यावर याच भागातले लोक जीव वाचवायला सुदानात पळाले होते, त्यामुळे "तेव्हा त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं" ही आठवण ताजी होती. जमीनही तिथं सरकारी नाही, स्थानिक घराण्यांच्या सामायिक मालकीची आहे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ती वापरायला दिली. बदल्यात मदतीचा साधारण ३० टक्के वाटा यजमान गावांच्या शाळा, दवाखाने, बोअरवेलकडे जावा असं धोरण आहे. जळणावरून, छपराच्या गवतावरून कुरबुरी होतातच, त्या कुठं होत नाहीत.

पण मला खटकतं ते हे की लोक सेटलमेंट म्हणजे कायमचं सामावून घेणं असं धरून चालतात. तसं नाहीये. जमिनीचा तुकडा वापरायला आहे, मालकीचा नाही. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेत देशात जन्मलेल्या मुलाला नोंदणीनं नागरिकत्व मिळायची सोय आहे, पण आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी निर्वासित असेल तर तो रस्ता बंद. एप्रिल २०२० मधे पैशाअभावी रेशन ३० टक्क्यांनी कापलं गेलं तेव्हा नऊ गुंठ्यांतल्या स्वावलंबनाची खरी परीक्षा झाली, कारण लॉकडाऊनही तेव्हाच होता.

आणि केनियाही आता त्याच वाटेला लागलाय, २०२१ चा नवा कायदा आला, २०२५ मधे शिरिका प्लॅन जाहीर झाला, त्यात कॅम्प बदलून स्थानिकांसोबतच्या वस्त्या करायचं घाटतंय. त्याची रंगीत तालीम म्हणावी असं कालोबेयेई हे सेटलमेंट काकुमाजवळ २०१६ मधेच उभं राहिलं. तिथं रेशनऐवजी फोनवर पैसे, दारापुढे परसबाग, तुर्काना पोरांसोबत एकाच वर्गात शाळा. पाटीवर सेटलमेंट लिहिलेलं. नैरोबीला निघालेला माणूस मात्र आधी पासच्या रांगेत.