रेस्टोरेशन आणि रेस्टोमॉड: जुन्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखालचा फरक

बाहेरून पाहिले तर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, आणि म्हणूनच ‘रेस्टोर केलेली’ हे एकच विशेषण दोन्हींना सर्रास लावले जाते. प्रत्यक्षात रेस्टोरेशनमध्ये गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी पुन्हा उभी करायची असते, तर रेस्टोमॉडमध्ये तिचे रूप जपून आतली यंत्रणा आजच्या काळातली बसवायची असते.

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. तिचे १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे इंजिन रेस्टोरेशन करणारा कारागीर खाली उतरवून पूर्ण खोलतो, सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतो, क्रँकशाफ्ट (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) ग्राइंड करतो आणि तोच ब्लॉक, त्यावरच्या क्रमांकासह, परत जागेवर बसवतो. शिसेविरहित पेट्रोल चालावे म्हणून तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या करतो. एवढ्याने गाडीचे मूळपण जाते असे मला मुळीच वाटत नाही.

रेस्टोमॉडचे काम मात्र नवे इंजिन माउंटिंगवर टेकले की खऱ्या अर्थाने सुरू होते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरला तीन-चार पीएसआय (दाबाचे एकक) दाबाचे पेट्रोल पुरते, तर पेट्रोल फवारणाऱ्या आधुनिक इंजेक्शनला साधारण चाळीस पीएसआय किंवा त्याहून अधिक दाब लागतो. त्यामुळे पंप, नळ्या आणि बहुधा टाकीही बदलावी लागते. वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकून पंपाने हवा ओढली, तर कार्ब्युरेटरमधला साठा क्षणभर वेळ निभावून नेतो, इंजेक्शनचे इंजिन लगेच अडखळते. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, ऋण अर्थिंगवर चालतो, म्हणून वायरिंग आधी उलटवावे लागते. जुना स्पीडोमीटर केबलने फिरतो, नवा गिअरबॉक्स विद्युत संकेत पाठवतो. वाढलेली ताकद पेलण्यासाठी रेडिएटर, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी) आणि ब्रेक यांचाही विचार करावा लागतो, आणि ब्रेक शेवटी बघू म्हणणे धोक्याचे आहे.

खरा गोंधळ व्ही-८ इंजिनाच्या बाबतीत होतो. १९७३ ते १९७६ या काळात कारखान्यानेच एमजीबी जीटीमध्ये, म्हणजे एमजीबीच्या बंद छताच्या प्रकारात, रोव्हरचे ३.५ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ बसवले होते, आणि आठ सिलिंडर असूनही ते लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाइतक्याच वजनाच्या आसपास होते. त्या गाडीत व्ही-८ दुरुस्त करून बसवणे हे रेस्टोरेशनच. तेच इंजिन चार सिलिंडरच्या एमजीबीत घालणे हा बदल ठरतो, मग इंजिन कितीही जुने असो. निर्णय इंजिनाच्या वयावर किंवा ताकदीवर नव्हे, तर त्या विशिष्ट गाडीच्या जन्मनोंदीवर होतो.

म्हणूनच, गाडी पुढे पुन्हा मूळ रूपात आणता यावी यासाठी, इंजिन बदलताना बॉडीशेल शक्यतो कापू नये, नवी माउंटिंगे बोल्टने बसवावीत, आणि मूळ इंजिनाच्या सिलिंडरांत तेल सोडून ते क्रमांकासह झाकून ठेवावे.