पार्श्वभूमी : सीमाभागातला पोरगा कामाला कधी लागतो

गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणी उभी राहिली ती १८८०च्या दशकात. तेव्हाच्या कायद्याला कारखान्यात सात वर्षांचं पोरही चालत होतं. ही मर्यादा १८९१ला नऊ, १९२२ला बारा आणि १९४८ला चौदा झाली. १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडला गेला. त्याने इतर बरंच काही बदललं, पण हे कायदे केंद्राचे असल्यामुळे वयाचा हिशोब तोच राहिला.

खरा वाद बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीचा. १९८६च्या मूळ कायद्यात चौदाच्या आतल्यांना ठरावीक धंद्यांतच बंदी होती. फौंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम, आणि यंत्रमाग त्या यादीत नंतर आले. दुरुस्तीने बंदी सगळ्याच धंद्यांना लावली. शिवाय चौदा ते अठरा वयाचे 'किशोर' वेगळे काढून त्यांना खाणी, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया बंद केल्या. ओतकाम या धोकादायक प्रक्रियांत मोडतं. म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दहावीला गचकलेल्या सोळा वर्षांच्या पोराला मोल्डिंगवर घेता येणार नाही. निदान कागदावर तरी.

पण त्याच दुरुस्तीत एक दार उघडं राहिलं. धोक्याचा नसेल अशा घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, चौदाच्या आतल्यानेही 'मदत' करायला हरकत नाही. आणि घरचे म्हणजे फक्त आईवडील-भावंडं नव्हेत. काका, आत्या, मामा, मावशी सगळे त्यात बसतात. बाजूने बोलणारे म्हणाले, शेतकऱ्याचं पोर रानात गेलं नाही तर शेती शिकणार कधी? विरोधकांचा सवाल होता, मामाच्या दुकानात दिवसभर राबणारं पोर आणि संध्याकाळी तासभर हात लावणारं पोर तपासनिसाने वेगळं ओळखायचं कसं? या सवालाला अजून धड उत्तर मिळालेलं नाही. आणि आपल्याकडे गावात कोण कुणाचा मामा नसतो?

सरकारी नोकरीला कन्नडची अट आहे, त्यामुळे मराठी शाळेतल्या पोरांची नजर कोल्हापूर, पुणे, गोव्याकडे लागते. कामाला लागलेली मुलं मोजताना आणखी पंचाईत होते. १९८१पासून जनगणनेत वर्षाला निदान १८३ दिवस काम केलं तरच माणूस 'मुख्य' कामगार ठरतो. उसाच्या हंगामापुरता राबणारा 'सीमांत' म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. केंद्राच्या २०१७-१८पासूनच्या श्रमशक्ती पाहणीत मात्र वर्षात ३० दिवसांचं दुय्यम, म्हणजे शाळेसारख्या मुख्य गोष्टीच्या जोडीने केलेलं, कामही पुरतं. त्यामुळे शाळेत नाव असलेला तोच पोरगा एका कागदावर विद्यार्थी, दुसऱ्यावर कामगार.

सैन्यभरतीच्या २०२२च्या अग्निपथ योजनेने यात भर घातली. भरतीचं वय साडेसतरा, नोकरी चार वर्षांची. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र असल्याने भरतीचा नाद इथे जुनाच. पहाटे पळायला जाणारा पोरगा दिवसा वडिलांच्या रानात महिनाभर राबला तर श्रमशक्तीत धरला जातो. नुसता पळत राहिला, तर 'काम शोधतोय का?' या पाहणीवाल्याने दारात विचारलेल्या प्रश्नाला घरातलं कोण काय उत्तर देतं, त्यावर सगळं ठरतं.