खिशातला व्हिडिओ कॅमेरा घेताना आधी घरातल्या ट्यूबलाइटकडे बघा

रोजच्या वापरासाठी एखादा छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फोरके घेऊ का फुल एचडी चालेल? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आपण रोजचे व्हिडिओ नेमके कुठे घेतो ते आठवून बघा, संध्याकाळी सातनंतर हॉलमध्ये, आजीच्या वाढदिवसाला, गणपतीच्या आरतीला, बाळ पहिल्यांदा धरून उभं राहतं तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या दिव्यांच्या उजेडात, हातात कॅमेरा धरून, घाईघाईत. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो आणि संध्याकाळी हॉलमध्ये फार तर १०० ते २०० लक्स. पाचशे ते हजार पट कमी! आपल्याला हा फरक जाणवत नाही कारण डोळे आणि मेंदू मिळून तो सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते तितकंसं जमत नाही. म्हणून कॅमेरा निवडायचा तर तो कमी उजेडात काय करतो यावरून निवडायचा.

पिक्सेलचा हिशोब पटकन उरकून घेऊ. ७२०पी म्हणजे १२८० गुणिले ७२०, साधारण ९ लाख २१ हजार पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, २० लाख ७३ हजार. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. आकडा चौपट झाला तरी लेन्समधून आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो, तोच आता चौपट पिक्सेलमध्ये वाटला जातो. उन्हात याने काही बिघडत नाही, उलट बारीकसारीक गोष्टी छान दिसतात, घरात मात्र प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला फार थोडे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात आणि कमी उजेडातल्या व्हिडिओत जे वळवळणारे दाणे दिसतात त्यांची सुरुवात तिथूनच होते.

हे दाणे म्हणजे नुसता स्वस्त कॅमेऱ्याचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा शेजारशेजारच्या दोन सारख्या फरश्यांवरही थेंब सारखे मोजून पडत नाहीत, एकीवर सात पडतात तर दुसरीवर चार. फोटॉनचंही तसंच. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर त्यात साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के चूक, आणि १०,००० येणार असतील तर १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे फक्त १ टक्का. (वर्गमुळाचा नियम आहे हा, शाळेतलं गणित इथे असं उपयोगी पडतं.) प्रकाश जितका कमी तितका हा चढउतार मोठा दिसतो, आणि भिंतीचा साधा पांढरा रंगसुद्धा मुंग्या फिरत असल्यासारखा दिसायला लागतो. मग कॅमेरा सॉफ्टवेअरने ते दाणे पुसायला जातो आणि त्या नादात आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, साडीची बारीक नक्षी पण पुसून टाकतो.

यावरचा खरा उपाय एकच, जास्त प्रकाश गोळा करणं. त्यासाठी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, मोठा हवा आणि लेन्सचं तोंड मोठं हवं. छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं जो १/२.३ इंची सेन्सर असायचा तो साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. एक इंची म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, चौपट. (नाव एक इंच असलं तरी कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो, मापाची ही पद्धत जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या काळातली आहे, त्यामुळे पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका.) लेन्सच्या बाबतीत एफ आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, एफ २.८ च्या जागी एफ २ आला की प्रकाश दुप्पट होतो. मला कोणी संध्याकाळच्या हॉलसाठी १/२.३ इंचीवालं फोरके आणि एक इंचीवालं फुल एचडी यातलं एक उचलायला सांगितलं तर मी डोळे मिटून दुसरं उचलेन.

डीजेआय कंपनीच्या ऑस्मो पॉकेट या खिशातल्या कॅमेऱ्याचा प्रवास या बाबतीत बघण्यासारखा आहे. २०१८ च्या पहिल्या मॉडेलमध्ये १/२.३ इंची सेन्सर होता, २०२० च्या दुसऱ्यात १/१.७ इंची आला आणि २०२३ च्या तिसऱ्यात थेट एक इंची, आणि वजन तरीही १७९ ग्रॅम. फोरके पहिल्यापासून होतंच, कंपनीने दोन वेळा सेन्सर वाढवला, कारण फरक तिथे पडतो. सोनीने २०२० मध्ये झेडव्ही-१ हा छोटा कॅमेरा काढला तोही एक इंचीच.

आता एक शंका बऱ्याच जणांना येते. फोन रात्री इतके सुंदर फोटो काढतो मग त्याच फोनचा व्हिडिओ असा गढूळ का? कारण फोटोसाठी फोनला वेळ मिळतो, तो सेकंदभर किंवा जास्त वेळ एकामागून एक फ्रेम घेतो आणि त्या एकावर एक रचून दाणे घालवतो. व्हिडिओत हे करता येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/२५ सेकंद मिळतो आणि हालचाल नीट दिसावी म्हणून सहसा १/५० च वापरतात. ६० फ्रेम लावल्या तर वेळ आणखी कमी, १२० ला त्याहून कमी. म्हणून घरात संध्याकाळी सेटिंग २५ फ्रेमवरच ठेवा, स्लो मोशन उन्हासाठी राखून ठेवा.

आणि आता शीर्षकातली ट्यूबलाइट. हे कोणी दुकानदार सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे जातो, आणि जुन्या चोकवाल्या ट्यूब किंवा स्वस्तातले एलईडी बल्ब त्याबरोबर सेकंदाला १०० वेळा तेज आणि मंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर त्यात बरोबर दोन चढउतार मावतात, १/१०० ला बरोबर एक, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. पण शटर १/६० वर असलं तर दीडपावणेदोन चढउतार मावतात, चित्रातल्या एखाद्या ओळीला तेज भाग जास्त येतो, दुसरीला मंद, आणि पडद्यावर वरखाली सरकणारे काळपट पट्टे दिसायला लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे १/६० च बरोबर. म्हणून तिकडून दादाने किंवा मावशीने येताना आणलेला कॅमेरा अगदी चांगला असूनही इथे घरात पट्टे दाखवतो आणि लोकांना वाटतं कॅमेरा खराब निघाला. खराब काही नसतं. मेनूत जाऊन अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा, काही कॅमेऱ्यांमध्ये तेच एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) ऐवजी पाल (आपल्याकडची) निवडून होतं, बहुतेक वेळा पट्टे जातात. घेण्याआधी ही सेटिंग आहे ना ते बघा, शटर हाताने १/५० वर ठेवता आलं तर उत्तमच. रेल्वे स्टेशनवरचे इंडिकेटर आणि स्टेजमागचे मोठे एलईडी पडदे वेगळ्या वेगाने चालूबंद होत असतात, त्यांच्यावर मात्र हा उपाय दर वेळी चालेलच असं नाही.

पट्टे ओळीओळीने येतात याचं कारण म्हणजे आजचे बहुतेक सेन्सर पूर्ण चित्र एका झटक्यात वाचत नाहीत, वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. हे सीमॉस सेन्सर. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी छोटे आणि कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत म्हणून त्यावर काम केलं आणि आज तेच तंत्र आपल्या खिशात आहे. ओळीओळीने वाचण्याची किंमत वेगात दिसते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या लोकलमधून शूट करताय आणि सेन्सरला वरून खालपर्यंत वाचायला १६ मिलिसेकंद लागतात असं धरा, तेवढ्यात गाडी पाव मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, म्हणून रुळाशेजारचे खांब तिरके दिसतात. वाचन जितकं जलद तितका तिरकेपणा कमी. हा आकडा खोक्यावर नसतो, पण दुकानातच कॅमेरा झटकन डावीउजवीकडे फिरवून दाराची चौकट वाकते का बघितलं की कळतं.

हात हलण्याचं काय? तीन प्रकार आहेत. पहिला इलेक्ट्रॉनिक, कॅमेऱ्यातला जायरो हलणं मोजतो आणि सॉफ्टवेअर चित्राच्या कडा कापून फ्रेम जागेवर आणतं, गोप्रोने २०१८ च्या हिरो ७ ब्लॅकपासून हे फार छान जमवलं. यात हलणारे भाग नसतात म्हणून बाइकवर, ट्रेकला, घाटात हाच बरा. पण अंधारात हा फसतो, कारण शटर उघडं असतानाच हात हलला तर ती पुसट रेघ फ्रेममध्ये आधीच उमटलेली असते, नंतर फ्रेम सरकवून ती जात नाही. दुसरा ऑप्टिकल, यात लेन्स किंवा सेन्सरच हलतो आणि तो पुसटपणाही कमी होतो. याला मोठ्या मोटरसायकलच्या कंपनांचा त्रास होऊ शकतो, ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबाबत तसा जाहीर इशारा दिला होता. तिसरा गिंबल, तीन छोट्या मोटरी अख्खा कॅमेराच सरळ धरून ठेवतात, ऑस्मो पॉकेटची खासियत हीच, घरात संध्याकाळी बाळाच्या मागे फिरायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. फक्त चालताना आपण जे वरखाली होतो ते गिंबललाही पूर्ण थांबवता येत नाही, गुडघे थोडे वाकवून सावकाश चालावं लागतं.

झूमची अडचण वेगळीच आहे. सेन्सर मोठा केला की त्याच झूमसाठी लेन्सही लांब लागते, आणि लांब लेन्स खिशात मावत नाही. म्हणून झेडव्ही-१ ला २४ ते ७० मिलिमीटर एवढाच, म्हणजे तिपटीहूनही थोडा कमी झूम आहे आणि ऑस्मो पॉकेटच्या वरच्या तिन्ही मॉडेलना तर फक्त डिजिटल, म्हणजे चित्र कापून मोठं करणारा. मुलांच्या शाळेचं गॅदरिंग मागच्या रांगेतून शूट करायचं असेल तर खिशातला मोठ्या सेन्सरचा कॅमेरा त्या कामाचा नाही, तिथे छोट्या सेन्सरचा पण भरपूर झूमवाला हँडीकॅम किंवा टेलिफोटो लेन्सचा फोन जिंकतो. दोन्ही एकात मिळेल म्हणून थांबू नका, भूमितीच आडवी येते.

मग फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत फ्लिप नावाचा छोटासा कॅमेरा होता, २००७ चा फ्लिप अल्ट्रा, मधोमध एक मोठं लाल बटण, दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, कोणालाही जमावं असा. २००८ च्या शेवटी त्याचं ७२०पी एचडी मॉडेल आलं, २००९ मध्ये सिस्कोने ती कंपनी जवळपास ५९ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये ते कॅमेरे बंद करून टाकले. मधल्या काळात २०१० चा आयफोन ४ सुद्धा ७२०पी घ्यायला लागला होता. फोनपेक्षा वेगळं काही देत नसेल तर वेगळा कॅमेरा टिकत नाही. आज तर शाओमीच्या १२एस अल्ट्रासारख्या फोनमध्येही २०२२ पासून एक इंची सेन्सर आहे. म्हणून मी तरी गिंबल हवा असेल, पाण्यापावसात न्यायचा असेल, बाइकवर लावायचा असेल किंवा माइकसाठी चांगली सोय हवी असेल तरच वेगळा घ्या म्हणेन, नाहीतर ते पैसे एका चांगल्या वायरलेस माइकवर घाला.

कारण आवाज! चित्र थोडं दाणेदार असलं तरी लोक बघतात, आजोबा काय बोलले तेच कळलं नाही तर व्हिडिओ बंद करतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि खोलीत तर भिंतींवरून येणारा घुमारा मूळ आवाज गिळतो, म्हणून कॅमेऱ्यातला माइक कितीही भारी असला तरी कॉलरवरचा छोटा माइक त्याच्यापुढे जातो. उलट टोकाला ढोलताशा. पथक दहा फुटांवर असेल तर आवाज माइकच्या मर्यादेबाहेर जातो, लहरींची टोकं सपाट कापली जातात आणि मागे राहतो नुसता फरफराट, जो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी ऑटो लेव्हल इथे कामाची नाही, ताशाची थाप पडली की ती सगळंच खाली ओढते आणि शेजारी बोलणारा माणूस गायब. माइकची पातळी हाताने कमी करता येते का ते नक्की बघा, आणि गडावर जाणार असाल तर माइकवर घालायचं केसाळ कव्हर घ्या, वाऱ्याचा आवाज त्याने खूप कमी होतो.

कार्डाचं थोडक्यात. ३० फ्रेमचं फुल एचडी काहीही न दाबता साठवायचं तर सेकंदाला जवळजवळ १८७ मेगाबाइट लागतील, एच.२६४ आणि त्यानंतरचा एचईव्हीसी हे दोन फॉरमॅट ते कितीतरी पट दाबून साठवतात. सेकंदाला १०० मेगाबिटवर (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) फोरके घेतलं तरी तासाला ४५ जीबी जातात. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, रोजच्या कामाला ते पुरतं. बाजारात नकली कार्डं बरीच आहेत, नवीन कार्ड एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघा, त्यासाठी मोफत प्रोग्राम मिळतात. आणि एप्रिल-मे मध्ये विदर्भात उन्हात फोरके लावून कॅमेरा ठेवला तर तो गरम होऊन मध्येच बंद पडू शकतो, तिथे फुल एचडीवर आणलं की प्रोसेसरचं काम कमी होतं आणि तो जास्त वेळ टिकतो.

दुकानात जाताना आपलं कार्ड बरोबर न्या. ५० हर्ट्झची सेटिंग लावा, बरोबर आलेल्या माणसाला दुकानाच्या कोपऱ्यात, जिथे उजेड कमी आहे तिथे उभं करा, त्याला बोलायला सांगा, त्याच्याकडे चालत जा, कॅमेरा एकदा झटकन फिरवा. मग तोच कोपरा, तीच माणसं, दुसऱ्या कॅमेऱ्याने आणि आपल्या फोननेही. घरी येऊन सगळं टीव्हीवर लावून बघा, कॅमेऱ्याच्या दोन इंची स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.