पार्श्वभूमी : बस्टर कीटनचा १९२८ चा करार

मूकपटांतला अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटन याला बोलपटांनी संपवलं, असं आजही सर्रास लिहिलं जातं. तारखा पाहिल्या तर हे पटत नाही. एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओशी त्याचा करार झाला १९२८ च्या सुरुवातीला आणि बोलपटाचा नायक म्हणून तो पडद्यावर आला १९३० मध्ये. त्याचं नुकसान या दोन वर्षांच्या आतच होऊन गेलं होतं.

त्याचं बालपण व्होडव्हिलच्या, म्हणजे गाणी, कसरती आणि विनोद यांच्या मिश्र खेळांच्या रंगमंचावर गेलं. वडील त्याला भर खेळात उचलून फेकायचे. पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कोटाच्या पाठीला सुटकेसची मूठ शिवलेली असे. मुलांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने या खेळाविरुद्ध तक्रारी केल्या, पण पडायचं कसं हे पोरगं तिथेच शिकलं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला सिनेमात शिरल्यावर कॅमेरा आतून कसा चालतो हे पाहायला त्याने तो खोलून बघितला. १९२० पासून त्याच्या नावाचा स्टुडिओ सुरू झाला.

‘त्याच्या नावाचा’ हे शब्द इथे जपून वापरायला हवेत, कारण पुढचा सगळा गुंता त्यातच आहे. कंपनीवर नाव कीटनचं होतं, पण तिचे शेअर त्याच्याकडे नव्हते. ते त्याच्या चित्रपटांचा निर्माता आणि त्या निर्मात्याचे भागीदार यांच्याकडे होते. कीटनला आठवड्याचा पगार आणि नफ्यातला २५ टक्के वाटा मिळे. मूकपटांतले दुसरे दोन मोठे विनोदवीर, चार्ली चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड, आपापल्या चित्रपटांचे मालक होते, कीटन नव्हता. शिवाय हा निर्माता त्याचा साडू होता. घरच्याच माणसाशी कागदपत्रांवरून कोण घासाघीस करणार? काम मनासारखं चाललं होतं तोवर त्याला मालकीची गरजही भासली नाही. सुरुवात आणि शेवट ठरवायचा, मधलं चित्रीकरणात सापडत जाईल, अशी त्याची रीत होती आणि तिच्या आड कोणी येत नव्हतं.

‘द जनरल’साठी १९२६ मध्ये ओरेगनमध्ये खरंखुरं रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं गेलं. चित्रपटाने खर्चाच्या मानाने कमाई केली नाही, समीक्षकही थंड राहिले. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ची अखेर आधी महापुरावर बेतली होती. १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरानंतर ती बदलून वादळ आणावं लागलं. त्याच वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. भिंत खरी आणि वजनदार होती. उभं राहण्याची जागा थोडी जरी चुकली असती तरी तो जिवानिशी गेला असता. हा चित्रपटही चालला नाही.

मग निर्मात्याने स्वतंत्र निर्मिती आवरती घेतली आणि कीटनला एमजीएमकडे जायला सुचवलं. एमजीएमच्या मूळ कंपनीचा प्रमुख होता या निर्मात्याचाच भाऊ. चॅप्लिन आणि लॉइड दोघांनीही जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. तरीही कीटनने सही केली आणि आयुष्यातली सर्वात मोठी चूक म्हणून तिची कबुली पुढे वारंवार दिली. मला मात्र वाटतं, त्याने सगळा दोष उगाचच स्वतःच्या माथी घेतला. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याच्यासमोर निवड तरी कितीशी होती?

एमजीएमच्या कारभारात आधी पटकथा, मग वरून मंजुरी आणि त्यानंतर चित्रीकरण. तरी तिथे केलेल्या ‘द कॅमेरामन’ या मूकपटात त्याने आपलं बरंच काही टिकवलं. रिकाम्या यँकी स्टेडियममध्ये तो एकटाच बेसबॉलचा सामना खेळतो. चेंडू नाही, गडी नाहीत, पण आपल्याला सगळे दिसतात. पुढचा ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट करायची इच्छा खुद्द कीटनचीच होती. स्टुडिओने नकार दिला. आवाजाला घाबरणारा माणूस अशी मागणी कशाला करेल? नंतरच्या बोलपटांनी पैसाही चांगला मिळवला, परदेशी आवृत्त्यांसाठी त्याने स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन संवाद घोकून म्हटले. पण पडद्यावरच्या त्या बावळट पात्रात त्याचं स्वतःचं काही उरलं नव्हतं. दारू वाढली, १९३२ मध्ये घटस्फोट झाला, १९३३ मध्ये स्टुडिओने त्याला काढून टाकलं. काही वर्षांनी तो तिथेच परतला, दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग रचणारा किरकोळ पगाराचा नोकर म्हणून.

१९४९ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी साप्ताहिकातल्या दीर्घ लेखाने मूकपटांतल्या विनोदवीरांकडे पुन्हा लक्ष वेधलं. पन्नाशीच्या दशकात कीटनच्या जुन्या बंगल्यात, तेव्हा तिथे राहणाऱ्या नटाला, त्याच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. नायट्रेटची ती फिल्म खराब होण्याआधी नव्या फिल्मवर उतरवून घेतली गेली, आणि मालकीचा जुना प्रश्न पुन्हा वर आला. एका वितरकाने हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. कीटनला १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं, १९६५ च्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला उदंड दाद दिली आणि १ फेब्रुवारी १९६६ रोजी तो गेला. ‘द कॅमेरामन’वरचा कॉपीराइट अमेरिकेत थेट १ जानेवारी २०२४ ला संपला.