गिनीपिगचे दंतविकार व अंतःस्रावी विकार

गिनीपिग या पाळीव कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या दातांमध्ये आणि संप्रेरके (हार्मोन) निर्माण करणाऱ्या ग्रंथींमध्ये उद्भवणारे बिघाड, त्यांची ओळख आणि त्यांवर घरी व पशुवैद्याकडे करावयाची उपाययोजना यांचा विचार येथे इंदूर शहरातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. हे दोन विकारसमूह एकत्र घेण्याचे कारण असे की दोन्हींत बाहेरून दिसणारी पहिली खूण बहुधा एकच असते, ती म्हणजे वजन घटणे. निसर्गात इतरांचे भक्ष्य असलेला हा प्राणी आजारपण लपवतो. तो कण्हत नाही, लंगडत नाही, आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा आठवडे उलटलेले असतात. त्यामुळे घरात गिनीपिग असेल तर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहून ठेवणे ही सर्वांत उपयोगी तपासणी होय. प्रौढ गिनीपिगचे वजन साधारणतः ७०० ते १,२०० ग्रॅम असते आणि नर मादीपेक्षा वजनदार असतो. त्यात दहा टक्के घट झाली, तर प्राणी खेळत असला तरी त्याला पशुवैद्याला दाखवावे.

केव्हिया पोर्सेलस हे शास्त्रीय नाव असलेला हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला गेला आणि सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला. नावात ‘पिग’ असले तरी डुकराशी त्याचा संबंध नाही. त्याचे आयुष्य साधारणतः ५ ते ७ वर्षांचे असते. इंदूरच्या रामबाग, सुदामा नगर यांसारख्या भागांतील मराठी घरांत तो बहुधा मुलांच्या हट्टापायी येतो आणि सशासारखा किंवा पोपटासारखा पोसला जातो : भिजवलेले हरभरे, पोळीचे तुकडे, ब्रेड, सकाळचे उरलेले पोहे. हे प्रेमापोटीच होते, परंतु पुढील बहुतेक दंतविकारांचे मूळ याच ताटलीत असते.

दातांची रचना : गिनीपिगला एकूण २० दात असतात, वर-खाली, डावी-उजवीकडे प्रत्येकी एक पटाशीचा दात, एक उपदाढ आणि तीन दाढा. सुळे नसतात. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असून तेथे गालाची कातडी आत वळलेली असते. म्हणून तोंड उघडून पाहिले तरी मागच्या दाढा दिसत नाहीत. उंदराचे पटाशीचे दात पिवळसर असतात, गिनीपिगचे मात्र पांढरे असतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या विसाही दातांची मुळे खुली राहतात आणि दात जन्मभर वाढतात. ही वाढ आठवड्याला सुमारे एक ते दोन मिलिमीटर इतकी असते. झिजणे आणि वाढणे यांचा तोल राहिला तरच तोंड निरोगी राहते. खालच्या दाढा आत जिभेकडे झुकलेल्या आणि वरच्या दाढा बाहेर गालाकडे वळलेल्या असल्यामुळे झीज कमी पडली की खालच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वाढून दोन्ही बाजूंनी जवळजवळ मिळतात आणि जीभ त्यांच्याखाली अडकते. वरच्या दाढांना काट्यासारखी टोके फुटून गाल आतून सोलला जातो. मग प्राण्याला भूक असते, तो ताटलीकडे धावतो, पान उचलतो आणि टाकून देतो. पटाशीचे दात वाकडे झालेले दिसले तर तो बहुतेक वेळा मूळ आजार नसतो. मागच्या दाढांमुळे जबडा नीट मिटत नसल्याचा तो परिणाम असतो.

झीज आणि चारा : दात झिजतात ते गवतामुळे. गवताच्या पानांत सिलिकेचे बारीक कण असतात, आणि लांब धागा चघळताना जबडा तासन्‌तास पुढे-मागे सरकत राहतो. दाणे, पेलेट किंवा गाजराचा तुकडा यांना तेवढा वेळ लागत नाही, आणि ‘कडक पदार्थ कुरतडल्याने दात झिजतात’ ही समजूत दाढांच्या बाबतीत चुकीची आहे. म्हणून आहाराचा बहुतांश भाग वाळलेले किंवा ताजे गवत हाच असावा. परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळते पण महाग पडते, आणि ते परवडत नाही म्हणून गवतच न देणे ही मोठी चूक ठरते. इंदूरच्या आसपास दुभत्या जनावरांसाठी रिजका, म्हणजे लसूणघास, आणि बरसीम सहज मिळते. मात्र ही द्विदल चाऱ्याची पिके आहेत व त्यांत कॅल्शियम जास्त असते. वाढत्या पिलांना आणि गाभण माद्यांना ती चालतात, पण प्रौढ प्राण्याला रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. गव्हाचा भुसा बिछान्याला ठीक आहे, पोषणाला अपुरा आहे. त्यापेक्षा हरळी उत्तम. गणपतीला वाहतात त्याच दूर्वा गिनीपिग आवडीने खातो. मात्र त्या फवारणी न झालेल्या जागेवरच्या असाव्यात व स्वच्छ धुवाव्यात. पावसाळ्यात माळव्यात भुट्टे येतात तेव्हा घरोघरी कीस केला जातो आणि हिरवी साले फेकली जातात. ती साले आणि मक्याची पाने हा या प्राण्यासाठी चांगला तंतुमय चारा आहे. कोवळी ज्वारी मात्र देऊ नये, कारण तिच्यात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. पावसाळ्यात साठवलेल्या गवताला बुरशी लागते. कुबट वास आला तर ती पेंढी पूर्ण टाकून द्यावी.

क जीवनसत्त्व : माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नसते. नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक यांनी १९०७ मध्ये गिनीपिगना केवळ धान्य व ब्रेड यांवर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि या रोगाच्या अभ्यासाला प्रथमच प्रयोगशाळेतील प्राणी मिळाला. आज अनेक घरांत दिला जाणारा आहार जवळजवळ तोच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या जीवनसत्त्वाच्या अभावी कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारे प्रथिन, नीट बनत नाही, दात धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, दात हलतात आणि वाकडे वाढू लागतात. सांधे दुखतात व प्राणी हात लावताच किंचाळतो. निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे सुमारे १० ते २० मिलिग्रॅम आणि गाभण मादीला सुमारे ३० मिलिग्रॅम लागते. आजारी प्राण्यालाही मात्रा वाढवावी लागते. शिमला मिरचीचा एक चतुर्थांश भाग किंवा पेरूची, म्हणजे इंदूरच्या बोलीतील जामची, एक पातळ फोड ही गरज बऱ्याच अंशी भागवते. हिवाळ्यात आवळ्याची छोटी चकती पुरते, पण आंबटपणामुळे सगळेच प्राणी ती खात नाहीत. पेलेटमधील क जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जाते, म्हणून फार जुनी पिशवी घेऊ नये. पाण्यात थेंब घालण्याची पद्धतही भरवशाची नाही, कारण तेथे ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणी पिणे कमी करतो.

लक्षणे व घरची शुश्रूषा : हनुवटी व गळ्याखालचे केस लाळेने ओले राहणे, गवत सोडून केवळ मऊ वस्तू खाणे, लेंड्या लहान व कमी होणे, डोळ्यातून पाणी येणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणे आणि खालच्या जबड्याच्या कडेला गाठी लागणे ही दंतविकाराची लक्षणे होत. डोळ्याचे लक्षण पुष्कळांना असंबद्ध वाटते, परंतु वरच्या दाढांची मुळे मागे वाढून नेत्रकोटरापर्यंत पोहोचू शकतात. गिनीपिगचे आतडे सतत भरलेले व हलते असावे लागते. बारा तासांहून अधिक काळ काहीच न खाल्ल्यास आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो आणि यकृतात चरबी साचू लागते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी मायेने तांदळाची पेज, वरणाचे पाणी किंवा दूध पाजायला सांगतात. ते टाळावे, कारण या प्राण्याला तंतू हवे असतात आणि पिठूळ पदार्थांनी व दुधाने आतड्यातील जंतूंचा तोल आणखी बिघडतो. गवताचे पेलेट मिक्सरमध्ये बारीक करून कोमट पाण्यात भिजवावेत आणि ते पातळ मिश्रण बिनसुईच्या सिरिंजने, तोंडाच्या कडेच्या मोकळ्या जागेतून, एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर याप्रमाणे द्यावे व प्रत्येक घोट गिळू द्यावा. दिवसभरात दर किलो वजनामागे सुमारे ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून द्यावे लागते. प्राण्याला पाठीवर झोपवून कधीही पाजू नये. हे काम चिकाटीचे आहे. दातांच्या उपचारात प्राणी वाचतो तो पुष्कळदा या पाजण्यामुळे.

वैद्यकीय उपचार : दाढांची खरी तपासणी भूल देऊन आणि कवटीची क्ष-किरण चित्रे घेऊनच होते, कारण दाताचा जो भाग हिरडीच्या वर दिसतो त्याहून अधिक बिघाड आत असू शकतो. वाढलेले दात फिरत्या यंत्राने घासून योग्य उंचीवर आणले जातात. नखे कापण्याच्या कटरने पटाशीचे दात तोडण्याची रीत हानिकारक आहे; दात उभा चिरतो, मूळ दुखावते आणि तेथे पू धरतो. दात घासल्यानंतर सूज व वेदना कमी करणारे औषध आणि काही दिवस हाताने भरवणे आवश्यक असते, आणि जुनाट विकारात ही क्रिया दर काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. येथे एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. माणसांसाठी घरात असलेली पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन किंवा क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके गिनीपिगला तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू मरून विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधे सामान्यतः वापरली जातात, पण तीही पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच.

दात आणि ग्रंथी जेथे थेट जोडले जातात अशी एक अवस्था आहे. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचा तोल बिघडला, तर गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक वाढते, हाडांतील कॅल्शियम काढून घेतले जाते आणि जबड्याचे हाड मऊ होऊन दात जागा सोडतात. चकचकीत केसांच्या ‘सॅटिन’ वाणाच्या गिनीपिगमध्ये असाच हाडांचा विकार आनुवंशिकतेने आढळतो. तेथे दात कितीही घासले तरी मूळ दुखणे राहतेच.

अंडाशयातील पुटी (सिस्ट) : दीड वर्षावरील माद्यांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा अंतःस्रावी प्रश्न असून पाच वर्षांपर्यंतच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळतो. दोन्ही कुशींवरचे केस सारख्या प्रमाणात विरळ होतात, परंतु खाज नसते; हीच खूण खरजेपासून त्याला वेगळे करते, कारण खरजेच्या किडीमुळे प्राणी अंग खाजवून रक्तबंबाळ करतो. अनेक घरांत या केसगळतीवर महिनोन्‌महिने किडीचे औषध लावले जाते. पोट दोन्ही बाजूंनी फुगणे, स्तनाग्रे जाड व खपलीदार होणे, सोबतच्या मादीवर चढणे, चिडचिड आणि कधी मूत्रमार्गाजवळ रक्त दिसणे ही इतर लक्षणे होत. पुटी दोन प्रकारच्या असतात. पाणी भरलेल्या साध्या पुटी संप्रेरके निर्माण करत नाहीत आणि संप्रेरकांच्या इंजेक्शनांना दादही देत नाहीत; पुटकांपासून, म्हणजे अंडे वाढते त्या पिशव्यांपासून, झालेल्या पुटी मात्र सक्रिय असतात व केसगळती बहुधा त्यांच्यामुळे होते. सोनोग्राफीत पुटी दिसते, परंतु तिचा प्रकार दरवेळी निश्चित होत नाही. तरुण व सशक्त मादीत अंडाशय व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हा कायमचा उपाय होय. म्हाताऱ्या किंवा दातांच्या आजाराने खंगलेल्या मादीला भूल झेपत नसेल तर मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन किंवा गाईम्हशींच्या अंडाशयातील पुटींसाठी वापरले जाणारे ब्युसेरेलिन यांची इंजेक्शने देऊन किंवा पुटीतील पाणी सुईने काढून तात्पुरता आराम देता येतो. पाणी पुन्हा भरते.

अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिस्राव : तीन वर्षांवरील गिनीपिगमध्ये हा विकार दिसतो आणि दंतविकाराशी त्याची सर्वांत जास्त गल्लत होते. दातांचा रुग्ण भुकेला असून खाऊ शकत नाही. अवटू ग्रंथीचा रुग्ण मनसोक्त खातो, पाणी जास्त पितो, अस्वस्थपणे फिरतो आणि तरीही हाडे दिसू लागेपर्यंत वाळतो. हृदयाचे ठोके जलद होतात आणि गळ्याखाली कधी छोटी गाठ हाताला लागते. रक्तातील थायरॉक्सिनची पातळी मोजून निदान होते आणि माणसांसाठी वापरली जाणारी मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल ही औषधे अत्यल्प मात्रेत आयुष्यभर द्यावी लागतात. मधुमेह आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचे विकार गिनीपिगमध्ये होतात, पण विरळा.

गर्भारपणाशी संबंधित एक बाब येथे नोंदवली पाहिजे. रिलॅक्सिन हे संप्रेरक फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून ओळखले. प्रसूतीपूर्वी ते मादीच्या ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा सैल करते. पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झाली नाही तर हा सांधा घट्ट होतो आणि पुढे प्रसूती अडून मादीचा जीव जाऊ शकतो. जोडी घेताना नर-मादी ओळखण्यात चूक झाली तर मालकाला हे उशिरा कळते, म्हणून प्राणी घरी आणताच पशुवैद्याकडून लिंग तपासून घ्यावे.

इंदूरहून सुमारे २३ किलोमीटरवर महू, म्हणजे आताचे डॉ. आंबेडकर नगर, येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरातील पशुवैद्यांचा बहुतेक अनुभव कुत्रा, मांजर आणि दुभती जनावरे यांचा असतो, म्हणून प्राणी निरोगी असतानाच लहान कृंतकांना भूल देण्याचा अनुभव कोणाकडे आहे याची चौकशी करून ठेवावी. आजारी गिनीपिगला नेताना वजनाची वही, त्या दिवशीच्या लेंड्या आणि नेहमीचे गवत बरोबर घ्यावे. सोबती असल्यास त्यालाही त्याच टोपलीत न्यावे, कारण एकटा पडलेला प्राणी अधिक घाबरतो व खाणे सोडतो. गिनीपिगला १८ ते २४ अंश सेल्सियस तापमान मानवते. मे महिन्यात इंदूरचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते, तेव्हा हा प्रवास उजाडण्यापूर्वी करावा आणि टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली, प्राण्याला तिच्यापासून दूर सरकता येईल अशा बेताने, ठेवावी.