युकुलेलेच्या साउंडहोलचा आकार

साउंडहोल म्हणजे युकुलेलेच्या, म्हणजे हवाईच्या छोट्या गिटारसारख्या चार तारांच्या वाद्याच्या, वरच्या फळीला, सतार-तंबोऱ्यात जिला तबली म्हणतात तिला, तारांच्या खाली पाडलेलं भोक. बहुतेक वेळा ते गोल असतं, पण डी-आकाराचं, लंबगोल, बदामाचं, व्हायोलिनसारखं एफ-होल म्हणजे इंग्रजी f च्या आकाराची लांब चीर, नाहीतर एका कोपऱ्यात सरकवलेलं असे भरपूर प्रकार मिळतात आणि विकत घेणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो की आकार बदलला की आवाज बदलतो का. क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं तर नुसत्या आकाराने फारच थोडा. खरा फरक पडतो तो भोक किती मोठं आहे, कुठे आहे आणि ते पाडताना तबलीचं कुठलं लाकूड कापलं गेलं यामुळे.

गोल भोक हे वाद्य जन्मापासून घेऊन आलंय. २३ ऑगस्ट १८७९ ला रेव्हन्सक्रॅग जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला पोचलं, त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे लाकूडकाम जाणणारे तिघे होते, त्यांनी मदेराच्या छोट्या चार तारांच्या वाद्यावरून हवाईच्या कोआ लाकडात युकुलेले घडवायला सुरुवात केली. पुढे १९१६ मध्ये कामाका ही युकुलेले बनवणारी कंपनी सुरू झाली आणि १९२० च्या दशकात त्यांनी अननसाच्या आकाराचा युकुलेले आणला, म्हणजे बॉडीची कंबरच काढून टाकली, तरी भोक मात्र गोलच ठेवलं. गोल भोक कटर फिरवून पटकन आणि स्वच्छ पडतं, हेही कारण आहेच.

आता भोक नक्की करतं काय. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो एक सूर निघतो तेच इथेही होतं, पोटातली हवा भोकातून आतबाहेर हलते आणि एका ठराविक फ्रिक्वेन्सीला जोरात साथ देते, याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. गिटारमध्ये हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, युकुलेलेची पेटी लहान म्हणून तो बराच वर जातो. पेटी मोठी केली की सूर खाली येतो, भोक मोठं केलं की वर. गोल भोकाचा व्यास १० टक्के वाढवला तर हा सूर साधारण ५ टक्के चढतो, म्हणजे जवळजवळ एक सेमीटोन (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), आणि हे कानाला कळू शकतं. तेवढ्याच क्षेत्रफळाचं पण रुंदीच्या दुप्पट लांब असं लंबगोल भोक घेतलं तर गणिताने सूर जेमतेम दीड टक्का चढतो, म्हणजे सेमीटोनचा पाव भाग. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

अपवाद लांबट चिरांचा. हवा भोकाच्या मधल्या भागापेक्षा कडेला जास्त जोरात वाहते, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळात कड जेवढी लांब तेवढी हवा जास्त हलते. २०१५ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी व्हायोलिन आणि त्याच्या पूर्वजांवर हेच दाखवलं, की इटलीतल्या क्रेमोनात आमातीपासून स्ट्राडिवारी आणि ग्वार्नेरी या व्हायोलिन कारागिरांपर्यंत एफ-होल लांब होत गेलं आणि त्याने खालच्या सुरांची ताकद वाढली. म्हणून एफ-होलचा युकुलेले वेगळा वाजला तर नवल नाही, पण फार अरुंद चिरेत हवेचं घर्षणही वाढतं, आणि अशा वाद्यांत भोकाबरोबर तबलीची घडण आणि ब्रेसिंग, म्हणजे तबलीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, याही बहुधा वेगळ्या असतात, मग सगळं श्रेय आकाराला कसं देणार.

गिटार घडवणाऱ्या मारियो माकाफेरीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्याने १९३२ मध्ये पॅरिसच्या सेल्मर या वाद्यांच्या कंपनीसाठी मोठ्या डी-होलची गिटार केली, नंतरच्या सेल्मर गिटारींना छोटं लंबगोल भोक आलं आणि त्या निराळ्या वाजतात हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, पण तिथे भोकाचा साइजही बदलला आणि आतली रचनाही. याच माणसाने १९४९ मध्ये आयलँडर नावाचा प्लास्टिकचा युकुलेले काढला, तो लाखोंनी विकला गेला, आणि त्याला भोक गोल.

लाकडाची बाजू लोक विसरतात. युकुलेलेची तबली जेमतेम २ मिलिमीटरच्या आसपास, तारा सतत ओढतायत, आणि सगळ्यात जास्त हलतो तो ब्रिजच्या, म्हणजे तबलीवर तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या, भोवतीचा खालचा रुंद भाग. भोक नेहमीच्या जागी, कमरेजवळ असलं तर हा भाग अख्खा राहतो. तेच खाली सरकवलं किंवा फार मोठं केलं तर हलणारं लाकूडच कमी होतं. बदाम किंवा चांदणीचं टोक दिसायला छान, पण टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि लाकूड रेषेत तडकतं, म्हणून चांगले कारागीर टोक किंचित गोलसर करतात आणि आतून पट्टी लावतात. बाजूच्या पट्टीला पाडलेलं साइड पोर्ट हे आणखी एक भोक, त्याने हवेचा सूर थोडा चढतो आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज जास्त स्पष्ट येतो.

शंका असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, तारांखालून सरकवून अर्धं भोक झाका आणि भोकाजवळ तोंड नेऊन खालून वर आवाज चढवत गुणगुणा. एका सुराला पेटी थरथरते, तो सूर झाकल्यावर खाली आलेला असतो. मग तेवढाच भाग वेगळ्या बाजूने, वेगळ्या आकारात झाका, सूर जवळजवळ तिथेच सापडेल.