वू डिंग
वू डिंग : (कारकीर्द इ. स. पू. सु. १२५०–११९२). चीनच्या शांग (यिन) घराण्यातील राजा. ज्याच्या स्वतःच्या काळातले लेख मोठ्या संख्येने हाती आले आहेत, असा चीनचा हा पहिलाच राज्यकर्ता. व्यक्तिनाम झाओ, ‘वू डिंग’ हे मरणोत्तर नाव. त्यातील ‘डिंग’ हा शांगांच्या दहा दिवसांच्या आठवड्यातला चौथा दिवस. त्या दिवशी या पूर्वजाला बळी देत. पुढील ग्रंथांत तो ‘गावझोंग’ या नावानेही येतो. श्याव यी हा त्याचा पिता. चुलता पान गंग याने राजधानी यिन येथे (आन्यांग, हनान प्रांत) आणल्याचे परंपरा सांगते. मात्र हुआन नदीच्या उत्तरेस १९९९ मध्ये सापडलेले तटबंद नगर पान गंगचे असावे व दक्षिण तीरावर वस्ती हलली ती वू डिंगच्या काळात, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. कौलाचे लेख कोरलेल्या अस्थी दक्षिण तीरावर आणि वू डिंगच्या सुमारासच एकदम विपुल होतात, ही गोष्ट त्याला पोषक आहे.

कालनिर्णय : ‘शांगशू’ या प्राचीन चिनी ग्रंथात वू डिंगची कारकीर्द ५९ वर्षांची सांगितली आहे. जुन्या पारंपरिक गणनेत ती इ. स. पू. १३२४–१२६६ अशी येते. ती आज कोणी धरत नाही. भिस्त आहे ती बिन गटाच्या (बिन या कौल घेणाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) कौललेखांतील, म्हणजे कौल घेताना हाडांवर कोरलेल्या लेखांतील, पाच चंद्रग्रहणांवर. लेखांत वर्ष नसते, केवळ ६० दिवसांच्या चक्रातला दिवस असतो; त्यामुळे एकेका ग्रहणाला अनेक वर्षे जुळू शकतात. पाचही एकत्र घेतली, की इ. स. पू. १२०१, ११९८, ११९२, ११८९ आणि ११८१ ही मालिका बसते. यांतील एक ग्रहण दोन दिवसांच्या सांध्यावर नोंदलेले असल्याने शांगांचा दिवस मध्यरात्री पालटे की पहाटे, हा वादही त्यात गुंतला आहे. चीनमधील श्या-शांग-झोऊ कालगणना प्रकल्पाने ग्रहणांना ५९ वर्षांच्या परंपरेची जोड देऊन इ. स. पू. १२५०–११९२ ही वर्षे ठरवली. शेवटची ग्रहणे मुलाच्या काळात टाकायची की बापाच्या, यावर हा शेवट मागेपुढे होतो. ५९ हा आकडाही समकालीन नव्हे. म्हणून ‘सुमारे’ हा शब्द येथे सोडता येत नाही.

कौललेख : कासवाच्या पोटाकडील कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर उष्णता देऊन पडणाऱ्या भेगा वाचून कौल घेत आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवीत. पीक, पाऊस, शिकार, स्वारी, राजाची दाढदुखी, कशाचाही कौल घेतला जाई. राणी फू हाव हिच्या बाळंतपणाचा लेख प्रसिद्ध आहे : डिंग किंवा गंग दिवशी प्रसूती झाली तर शुभ, असे राजाचे भाकीत, एकतीस दिवसांनी ज्या-यिन (६० दिवसांच्या चक्रातला एक) दिवशी मूल झाले, ‘चांगले झाले नाही, मुलगी झाली’. राजाचे भाकीत आणि प्रत्यक्ष घडलेले, दोन्ही शेजारी कोरलेले आहेत. १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात (वायएच १२७) १७,०९६ तुकडे मिळाले. त्यांतील बहुतेक याच राजाच्या काळचे.

फू हाव हिची कबर १९७६ मध्ये अलुट सापडली. तीत ४६८ कांस्यवस्तू, ७५५ जेडच्या वस्तू व सु. ६,९०० कवड्या होत्या. तिने १३,००० सैन्य नेले, असे सर्रास लिहिले जाते. मूळ लेख मात्र कौलातला प्रश्न आहे. तिच्याकडचे ३,००० व आणखी १०,००० जमवून स्वारी करावी का, एवढेच तो विचारतो.

परंपरा : तीन वर्षे मौन पाळून स्वप्नात दिसलेल्या मजुराला, फू यूएला, राजाने मंत्री केले, अशी कथा आहे. ‘शांगशू’मधील फू यूएच्या उपदेशाची प्रकरणे उत्तरकालीन बनावट ठरली असून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या च्यिंगह्वा विद्यापीठाकडील प्राचीन बांबूपट्ट्यांतील पाठ त्यांहून वेगळा आहे. ग्वेइफांग या शत्रुजमातीवरील तीन वर्षांच्या मोहिमेचा उल्लेख ‘यीजिंग’ या प्राचीन शकुनग्रंथात येतो. च्यांग लोकांशी सतत चाललेल्या लढाया आणि कैद्यांचे नरबळी यांची नोंद मात्र थेट कौललेखांतच मिळते.

वू डिंगनंतर झू गंग व झू ज्या हे त्याचे पुत्र क्रमाने गादीवर आले. आन्यांगजवळील शीबेइगांग येथील १००१ क्रमांकाची राजकबर वू डिंगची असावी, असे काही संशोधक मानतात. ती आधीच लुटली गेलेली होती.